साहेबापुढं एकट्यानं जाऊ नये

बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि निपाणीला आईच्या घरी राहायला आले. तेव्हापासून माझ्याकडं लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. पीएफचा, पेन्शनचा, विडी कामगाराच्या ओळखपत्राचा, रेशन कार्डावरच्या चुकलेल्या नावाचा. अलीकडं एक निराळाच अर्ज वाढलाय. तो कशाचा हे येणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. आधी पगाराचं निघतं, मग रजेचं, मग चहा होतो, आणि कप खाली ठेवता ठेवता समोरची पोर म्हणते, "मावशी, साहेब लई बोलतोय हो."

ही पोरं रोज सकाळी निपाणीतून दोन दिशांना पांगतात. कुणी कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गोकुळ शिरगावला, कोल्हापुरात. कुणी तवंदीचा घाट धरून संकेश्वरमार्गे बेळगावला, म्हणजे होनगा, उद्यमबाग, माच्छे. कुणी पतसंस्थेत, कुणी खासगी दवाखान्यात, कुणी साखर कारखान्याच्या ऑफिसात. नोकरी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडं असो नाहीतर पलीकडं, गाऱ्हाणं सारखंच. साहेब चारचौघांत अक्कल काढतो. बापाचा उद्धार करतो. पोरानं केलेलं काम स्वतःच्या नावानं वर पाठवतो आणि पोराची चूक नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आई आजारी आहे म्हणून रजा मागितली तर "मग तिलाच सांभाळत बस की, इथं कशाला येतोस?" म्हणतो.

ही माणसं माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो, हे मला सलतं. कितीतरी महिने मनातल्या मनात साहेबाशी भांडण चाललेलं असतं. झोप उडालेली असते, घरात बायकापोरांवर राग निघत असतो, राजीनामा लिहून पाकिटात घालून ठेवलेला असतो. आणि एवढ्या दिवसांत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एक शब्द सांगितलेला नसतो. त्या शेजारच्या टेबलावरही तेच चाललेलं असतं, आणि त्यानंही सांगितलेलं नसतं. उद्धट साहेबाचं निम्म्याहून अधिक बळ या न सांगण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. ते मला पुस्तकातून मिळालेलं नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बायांकडून मिळालं. माझी आई त्यांतली एक.

पण आधी कडक साहेब आणि उद्धट साहेब वेगळे काढायला हवेत, नाहीतर चांगल्या माणसावर उगाच आळ येतो. बेळगावात फौंड्र्या पुष्कळ. भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायची वेळ आली आणि कुणाचा पाय वाटेत आला, तर सुपरवायझर तोंडाला येईल ते ओरडतो. तो ओरडा त्या पोराचा पाय वाचवण्यासाठी असतो. ओतकाम संपलं की तोच माणूस त्याच पोराला घेऊन चहाला जातो. अशा माणसाच्या हाताखाली माणूस काम शिकतो. उद्धटाचा रोख कामावर नसतोच. चूक व्हाउचरात असते आणि बोलणं जातं जातीवर, गावावर, इंग्रजीच्या उच्चारावर, अंगावरच्या कपड्यांवर. ओळखायची खूण सोपी आहे. मालक किंवा वरचा अधिकारी खोलीत आला की त्याचा आवाज उतरतो का बघा. खरोखरचा तापट माणूस मालकावरही तापतो. ज्याचा ताप फक्त हाताखालच्यांवर निघतो, तो पुरता भानावर असतो. "स्वभावच तसा आहे त्यांचा" म्हणून त्याला सोडून द्यायचं काही कारण नाही.

आता वखारीचं सांगते.

निपाणीच्या आसपासचा मुलूख विडीच्या तंबाखूसाठी नावाजलेला. शेतातला माल व्यापाऱ्याच्या वखारीत यायचा आणि तिथं बाया तो बडवायच्या, चाळायच्या, पाखडायच्या. चुरा वेगळा, काडी वेगळी, भुकटी वेगळी. वर पत्रा, आणि वाऱ्यानं माल उडतो म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. नव्या पोरीला पहिल्या दिवशी उलट्या व्हायच्याच. आई घरी आली की आधी परड्यात जाऊन लुगडं झटकायची, तरी आम्हां भावंडांना शिंका सुटायच्या. या बायांच्या डोक्यावर दिवाणजी. उद्या कामावर ये किंवा येऊ नको, हे त्याच्या जिभेवर. बाईच्या हातात कागदाचा चिटोरा नसायचा. मस्टरवर नाव कुणाचं, पैसे किती, कापले किती, सगळं त्याच्या वहीत.

दिवाणजी बोलायचा ते मी इथं लिहू शकत नाही. आणि नुसतं बोलण्यावर भागायचं नाही. तरण्या बाईला जवळ बसवून हलकं काम द्यायचं, तिनं हात झिडकारला की दुसऱ्या दिवसापासून बाहेर. कामावरच्या बायांत विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या, देवदासी होत्या. "तुझ्यामागं हाय कोण?" हे दिवाणजीचं ठरलेलं वाक्य होतं, असं आई सांगायची. घरी सांगायची चोरी. "नवरा म्हणणार, तूच काय केलंस. मग सांगायचं कुणाला? गप बसायचं आन् तंबाखू चाळायची."

निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती. १९८० च्या आगेमागे या बायांची संघटना बांधली गेली. देवचंद कॉलेजात शिकवणारे प्रा. सुभाष जोशी त्यात पुढं होते. हे कॉलेज निपाणीला खेटून आहे, पण ते अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात. कॉलेज महाराष्ट्रात आणि वखारी कर्नाटकात, मधे फक्त रस्ता. चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या नावानं पुढं जे उभं राहिलं, ते असंघटित बायांच्या त्या काळातल्या देशातल्या मोठ्या चळवळींत धरलं जातं. 'युगांतर' या गटातल्या दीपा धनराज आणि त्यांचे सहकारी निपाणीत येऊन राहिले, बायांशी बोलले आणि १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट झाला. बाया त्यात स्वतःच्या तोंडानं बोलतात. डोक्यावर पदर, समोर कॅमेरा, आणि मालकाबद्दल, दिवाणजीबद्दल काही हातचं न राखता बोलणं. नोकरीत साहेबाकडून त्रास होतोय असं सांगत येणाऱ्या प्रत्येकाला मी हा माहितीपट मिळवून बघायला सांगते.

आईला त्या काळातलं आठवायचं ते मोर्च्यापेक्षा गल्लीतल्या बैठकांचं. रात्री भाकरी-तुकडा आवरून बाया जमायच्या. पगाराचं बोलायचं म्हणून जमायच्या आणि पगारावर कुणी बोलायचंच नाही. मग एक रात्री एक म्हातारी उठली आणि दिवाणजीनं तिच्या सुनेला काय केलं ते सरळ सांगितलं. सगळ्या खाली मान घालून बसल्या. मग दुसरी म्हणाली, "माझंबी तसंच." मग तिसरी. "त्या रातीला आमास्नी कळलं, की आमी समद्या एकाच दिवाणजीची लाज आपापल्या पदरात बांधून फिरत होतो," हे आईचे शब्द.

त्यानंतर आईच्या वखारीत एक गोष्ट ठरली. दिवाणजीनं एकीला आत बोलावलं, की दोघींनी जायचं. जिला बोलावलंय तिनं बोलायचं, दुसरीनं नुसतं गप उभं राहायचं. दिवाणजी म्हणायचा, "तू कशाला आलीस?" ती म्हणायची, "उभी हाय." एवढंच. पहिले काही दिवस त्यानं दोघींना घालवून दिलं, आरडाओरडा केला. पण बघणारे दोन डोळे समोर असताना त्याला ती भाषा वापरता येईना. बोलणाऱ्या बाईपेक्षा गप उभ्या राहणाऱ्या बाईला तो जास्त भ्यायचा, हे आई शेवटपर्यंत मोठ्या अभिमानानं सांगत होती. मी नोकरीला लागले तेव्हा तिनं मला दुसरं काही शिकवलं नाही, हेच शिकवलं.

विडीचं थोडं वेगळं. विड्या बाया घरीच वळतात. पान भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कातरीनं कापायचं, चिमूटभर जर्दा पसरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हजारावर मजुरी. संध्याकाळी कारखान्यात किंवा ठेकेदाराकडं माल द्यायला रांग. तिथं तपासनीस बसलेला असतो. तो कट्टा उचलतो, दोन बोटांत दाबतो, दोन-चार विड्या ओढून काढतो, "ही सैल, ही आखूड," आणि बाजूच्या टोपलीत टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटलेल्या विडीची मजुरी नाही, पण विडीही परत नाही. ज्या बाईचं तोंड त्याला आवडत नाही तिची छाट जास्त निघते. मी लहानपणी मावशीबरोबर त्या रांगेत उभी राहिलेय. मावशीनं रात्रभर खोकत वळलेल्या विड्या तो तिच्याकडं न बघता टोपलीत टाकायचा. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात, छाटीवरून आणि कच्च्या मालावरून वाद झाला तर तो सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं सोडवायचा, अशी तरतूद होती. म्हणजे तपासनीसाच्या दोन बोटांचा निकाल शेवटचा नाही, हे कायद्यानं तेव्हाच मान्य केलं होतं. त्या रांगेतल्या किती बायांना हे ठाऊक होतं? मावशीला नव्हतं.

वखारीतल्या बायांची संघटना उभी राहत होती त्याच सुमारास, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. ते आंदोलन भावाचं होतं, त्याची चर्चा वेगळी. पण व्यापाऱ्याच्या गादीसमोर शेतकरी हात जोडून उभा, आणि मालाच्या प्रतीवर व्यापारी बोलेल ते खरं, ही रीतही लोकांना तितकीच टोचत होती, हे त्या वेळी गावात असलेला कुणीही सांगेल.

माझ्या नोकरीतला प्रसंग यापुढं किरकोळ आहे, पण आजच्या ऑफिसातल्या पोरांना तो जवळचा वाटतो म्हणून सांगते. आमच्याकडं नवा मॅनेजर आला. त्याला माझं व्हाउचर पटलं नाही, की तो त्यावर लाल शाईनं शेरा मारायचा. "मूर्खपणा." "ही शाळेत गेली होती का?" आणि तो कागद शिपायाच्या हातून तीन खात्यांत फिरून माझ्याकडं यायचा. फिरवायचं कारण उघड होतं. मी रागावले नाही असं नाही. पण आईचं डोक्यात होतं. मी प्रत्येक शेऱ्याची झेरॉक्स काढून घरी ठेवायला लागले. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या बाईंसमोर डबा उघडला आणि एक झेरॉक्स पुढं ठेवली. त्यांनी काही न बोलता आपल्या ड्रॉवरमधून तसलेच दोन कागद काढले. डिस्पॅचच्या पोराकडं त्याहून वाईट होते.

आम्ही तिघं मिळून मालकांकडं गेलो. मोठं भाषण केलं नाही. एका पानावर लिहिलं होतं: अमुक तारखेला अमुक कागदावर हा शेरा, तो तीन खात्यांत फिरला, मुळातली नोंद बरोबर होती किंवा एवढीच चूक होती. सोबत झेरॉक्स. मागणी एकच: चूक असेल तर ती खात्यालाच कळवावी, शेरे बंद व्हावेत. मॅनेजरला काढून टाका, असं आम्ही म्हटलं नाही. मालकांनी कागद वाचले, ठेवून घेतले. मॅनेजर पुढंही बरीच वर्षं तिथंच होता. आमच्याशी तो कधी नीट हसून बोलला नाही. पण लाल शाई बंद झाली, आणि मला रात्री झोप यायला लागली. मला तेवढं पुरे होतं.

म्हणून कुणी आलं, की मी पहिल्यांदा वही घालायला लावते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही, घरच्या वहीत. रोज लिहायची गरज नाही, घडेल त्या दिवशी त्याच संध्याकाळी लिहायचं. वार, तारीख, वेळ. कुठं घडलं. साहेबाचं वाक्य जसंच्या तसं, शिवी असली तरी तीच. कोण हजर होतं. त्यामुळं कामाचं काय झालं. एका मुलीच्या वहीतली नोंद तिच्या परवानगीनं देते, नावगाव गाळून: "मंगळवार, सकाळी ११ च्या सुमारास, काउंटरसमोर. दोन ग्राहक आणि कॅशियर हजर. सर म्हणाले, 'खेड्यातनं उचलून आणलं की असंच असतं.' स्लिपवर तारीख राहिली होती. ग्राहक उठून दुसऱ्या काउंटरला गेले." बघा, यात "राक्षस" नाही, "छळ" नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. राग आलेला माणूस विशेषणं लिहितो आणि विशेषणांवर चौकशी होत नाही. पोरं सुरुवातीला कंटाळतात. पण चार-पाच नोंदी झाल्या की त्यांच्या बोलण्यातला फरक मला दिसतो. "साहेब नेहमीच" असं म्हणणारा पोरगा "महिन्यात तीनदा, आणि तिन्ही वेळा ऑडिटच्या आठवड्यात" असं म्हणायला लागतो. मग कधीकधी त्यालाच कळतं, की साहेबावर वरून कसला ताण आहे आणि कुठल्या दिवसांत त्याच्यापासून चार हात लांब राहायचं.

दुसरं, तोंडी हुकूम कागदावर आणायचे. उद्धट माणूस तोंडी सांगतो आणि बिघडलं की "मी कधी सांगितलं?" म्हणतो. त्यावर भांडण नको. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल किंवा मेसेज करायचा: "सर, आपण दुपारी सांगितल्याप्रमाणे महिनाअखेरचं काम बाजूला ठेवून आधी स्टॉकची यादी करत आहे. बदल असल्यास कळवावे." भाषा नम्र, रोख पक्का. असे मेल सुरू झाले की बऱ्याच साहेबांचं सांगणं आपोआप सुधारतं.

आणि प्रत्यक्ष त्या क्षणी? सगळ्यांसमोर तो बोलतोय, कान तापलेत, तेव्हा काय करायचं? इकडच्या घराघरांत दोन सल्ले मिळतात. आई म्हणते "सोस, नोकरी हाय." मित्र म्हणतात "दे की ठेवून एक." दोन्ही ऐकू नयेत. अरेला कारे केलं, की त्याची शिवी विसरली जाते आणि तुमची फाइलला लागते. आवाज खाली ठेवायचा आणि बोलणं कामावर आणायचं: "सर, चूक कुठं आहे दाखवा, लगेच दुरुस्त करतो. बाकीचं केबिनमध्ये बोलूया." हे वाक्य तोंडात बसेपर्यंत घरी म्हणून बघायचं. मी पोरांकडून म्हणवून घेते. पहिल्यांदा पुटपुटतात, मग जमतं. केबिनमध्ये मात्र एकट्यानं जायचं नाही. "हिशेबाचे आकडे यांच्याकडं आहेत" म्हणून एकाला बरोबर घ्यायचं. कारण काहीही सांगा, दुसरा माणूस हवा.

कायद्याचं लोक फार विचारतात, आणि इथं मला खरं ते सांगावं लागतं. स्वीडननं १९९३ साली कामाच्या जागी माणसाला छळण्याविरुद्ध नियम केले, फ्रान्सनं २००२ साली मानसिक छळाविरुद्ध कायदा केला, जपाननं २०१९ साली साहेबाच्या अधिकाराच्या गैरवापराला आळा घालण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडं नुसत्या उद्धटपणाविरुद्ध असा स्वतंत्र कायदा नाही. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. २०२४ साली पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये काम करणारी २६ वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागल्यावर काही महिन्यांतच वारली. तिच्या आईनं कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. आठवडाभर चर्चा झाली आणि विषय मागं पडला.

तरी हात अगदी रिकामे नाहीत. साहेबाचं बोलणं किंवा वागणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्या सदस्य बाया हव्यात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. घरकाम करणारी बाईसुद्धा या कायद्यात येते. आमच्या वखारीतल्या बायांना यातलं काहीच नव्हतं. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसामागं उभा आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात गाऱ्हाणी ऐकणारी समिती असायला हवी, तिच्यात कामगारांचेही प्रतिनिधी हवेत. ती आहे का, एवढं नुसतं लेखी विचारलं तरी पुष्कळ ठिकाणी हालचाल होते. आणि वकिलाला पैसे कुठले, म्हणून गप बसू नका. १९८७ च्या कायद्यानं बायांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न किती हे न बघता. जिल्हा कोर्टात कानूनी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००.

सीमाभागाची एक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. बेळगावात साहेब कन्नड आणि हाताखालचा मराठी असला, की प्रत्येक अपमानाला भाषेचा रंग चढतो. कधी तो खराही असतो. कन्नड येत नाही म्हणून हसणारे साहेब मी पाहिलेत. पण तितकेच उद्धट मराठी साहेब मी पाहिलेत, आणि मराठी पोरं त्यांचं निमूट ऐकून घेतात, "आपलाच हाय" म्हणून. आपला असला म्हणून शिवी गोड होत नाही. आणि कन्नड साहेबाच्या त्रासाची शेजारच्या टेबलावरच्या कन्नड माणसालाही तितकीच चीड असते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या नोकरीतल्या स्टोअरच्या बाई कन्नडच होत्या. सरकारी ऑफिसातला अर्ज मी कन्नडमध्ये लिहून घ्यायला लावते. मराठीच्या हक्काचं भांडण मोठं आहे, ते वेगळं लढू. आत्ता पोराचा अर्ज त्याच दिवशी दाखल व्हायला हवा.

सगळं करूनही काही साहेब सुधारत नाहीत, तेव्हा नोकरी सोडायची. त्यात कमीपणा नाही. पण चिडून सोडू नका. पाच वर्षं भरायला दोन महिने राहिले असतील तर दात-ओठ खाऊन काढा, कारण कायम नोकरीत पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी लागू होते, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणं. पीएफचा यूएएन नंबर, पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र आधी घरी आणा. कुणी पुढ्यात कागद ठेवून "राजीनाम्यावर सही कर" म्हणाला, तर "घरी वाचून उद्या देतो" म्हणा. आणि छातीत धडधड, सकाळी उठूच नये असं वाटणं, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, यातलं काही असेल तर साहेबाचा विषय दुय्यम. आधी डॉक्टर, किंवा १४४१६ हा टेलिमानसचा मोफत फोन, तिथं मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं.

पोरं कधीकधी विचारतात, चांगला मालक असतो तरी का? असतो. बेळगावात हायड्रॉलिक पंप बनवणाऱ्या पॉलिहायड्रॉन कंपनीच्या सुरेश हुंद्रे यांचं नाव मी सांगते. नीतीनं आणि माणसांवर विश्वास टाकून कारखाना चालवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं आणि ठिकठिकाणी जाऊन सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातला हा माणूस आपल्या पोरांना ठाऊक नसावा, याचं वाईट वाटतं.

सध्या माझ्याकडं एका खासगी दवाखान्यातल्या मुलींचं प्रकरण आहे. ड्यूटी लावणारा प्रशासक त्यांना पेशंटांसमोर अद्वातद्वा बोलतो आणि उलट विचारलं की सलग रात्रपाळ्या लावतो. पहिली आली तेव्हा रडत आली, एकटी. मी तिला वही घालायला लावली आणि बरोबरीच्या मुलींशी बोल म्हटलं. ती म्हणाली, "त्या नाही बोलायच्या, मावशी, त्यांना गरज आहे नोकरीची." पुढच्या रविवारी चौघी आल्या. चौघींकडं ड्यूटीच्या तक्त्याचे मोबाइलवर काढलेले फोटो होते. ते शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की जिनं तोंड उघडलं तिलाच त्या आठवड्यात रात्रपाळी. अर्ज एका पानाचा केला, खाली सह्या चार, दोन प्रती, एकीवर दवाखान्याची पोच. पाचवी मुलगी सही करू की नको या विचारात होती, तिला मी आग्रह केला नाही. व्यवस्थापनाचं उत्तर अजून आलेलं नाही. पंधरा दिवस वाट बघून स्मरणपत्र द्यायचं आणि त्यानंही काम झालं नाही तर बेळगावला कामगार खात्याच्या ऑफिसात जायचं, असं चौघींनी ठरवलंय. स्मरणपत्र मी लिहून ठेवलं आहे.